मोठ्या बाईंची रजा

२० नोव्हेंबर १९६३, बुधवार

जावयाला फाटकावर अडवलं! आणि अडवणाऱ्याला रागावताही येईना.

रंगराव सदनाचा पहारेकरी. बायांचं सदन, पुरुषाला आत सोडायचं नाही, हे मीच त्याच्याकडून घोकून घेतलंय. सहदेवराव साखरखेर्ड्याहून पहिल्या गाडीने आले, खांद्यावर वांग्यांचं गाठोडं. रंगराव म्हणाला, "कोनाले आनलं?" आमच्या फाटकावर पुरुष येतो तो कोणी बाई सोडायलाच येतो, त्याचं तरी काय चुकलं! जावई म्हणाले, "कोनाले नाही बा. वांगे आनले." मग रंगरावने त्यांना बाकड्यावर बसवलं. पोलीस बसतात त्याच.

मी आत होते. एका बादलीवरून दोघींची झोंबाझोंबी चालली होती, ती सोडवत होते. बाहेर आले तेव्हा जावईबापूंचे डोळे रस्त्याकडे लागलेले. "मामी, मी निंगू का? गाडी चुकीन."

बातमी अशी की माझ्या आशाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. "तर माहेर म्हंजे नेमकं कोनतं समजाचं, थे इचारून ये म्हने माय."

बरोबर विचारलं. माझं घर म्हणजे सदनाच्या आवारातली एक खोली. एका भिंतीपलीकडे कोठी, दुसऱ्या भिंतीपलीकडे बाळंतिणींची खोली. इथं नवऱ्याने टाकलेल्या येतात, विधवा येतात, आणि पोट दिसायला लागलं की ज्यांना स्वतःचं गाव नकोसं करतं अशा पोरी येतात. गुपचूप येतात, मोकळ्या होतात, गुपचूप जातात. लोकांच्या लेकींची बाळंतपणं करून करून माझे हात खरबरीत झाले. आता स्वतःच्या लेकीचं करायची वेळ आली, तर माहेर कोणतं म्हणून विचारणा!

"कळवते," म्हटलं. चहासुद्धा दिला नाही. जावयाला! आठवलं तेव्हा गाडी चिखलीच्या पुढे गेली असेल.

२१ नोव्हेंबर

वांग्यांची भाजी फार चांगली झाली म्हणे. माझ्यापर्यंत रस्सा आला. आणि नाव माझं अन्नपूर्णा!

२५ नोव्हेंबर, सोमवार

रोहिणखेडला भावाला विचारून पाहिलं. हे गेले आणि मी सदनात नोकरीला लागले, तेव्हापासून आशाला त्यानेच वाढवलं, लग्नही त्याच्याच दारात लावलं. पण त्याची स्वतःची लेक त्याच महिन्यात येतेय. एका छपराखाली दोन बाळंतिणी बऱ्या नाहीत म्हणतो. खरंय, तशी पद्धत आहे. (आमच्याकडे एका वेळी चार-चार असतात. पण आम्हाला कुठली पद्धत!)

म्हणजे बाळंतपण इथंच. आणि त्यासाठी मला महिनाभर तरी मोकळीक हवी. रजेचा अर्ज घेऊन नारायणरावांकडे गेले. वकील माणूस, सदनाचे चिटणीस, मनाने चांगले. अर्ज वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "अन्नपूर्णाबाई, तुम्ही या सदनाचा कणा आहात. कणाच रजेवर गेला तर?"

मी लाजले! खरंच लाजले. चिखली रस्त्याने परत येताना पावलं हलकी पडत होती. फाटकात आल्यावर लक्षात आलं की रजा मिळालेलीच नाही. गेली आठ वर्षं हा माणूस मला एक छानसं वाक्य देतो आणि मी ते पदरात बांधून परत येते.

१ डिसेंबर, रविवार

साखरखेर्ड्याला जाऊन आले. एका दिवसाची सुट्टी— तीही कोठीच्या किल्ल्या आणि सगळ्यांची भांडणं सोजराबाईच्या गळ्यात घालून. सोजराबाई आमची स्वयंपाकीण. सदन सुरू झालं तेव्हापासूनची. माझ्याआधी सदन चालवणाऱ्या तीन मोठ्या बाया तिने पाहिल्या, चौथी मी.

चिखलीला गाडी बदलली, लव्हाळ्याच्या फाट्यावरून पुढे बैलगाडी. डब्यात सांजोऱ्या. लेकीच्या घरी नातवंड होईपर्यंत पाणी प्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून तांब्या बरोबर घेतला होता. तो एस.टी.त विसरला! वा बाई! तेवढ्या धुळीतून जाऊन ओसरीवर बसले, समोर पाण्याचा गडू, आणि मी आपली "नको हो, नको हो" करतेय, घशाला कोरड. आशा आतून बघत होती आणि पदरात हसत होती. चेहरा भरलाय तिचा. माझ्याकडे बघून हसली, तेवढ्यावर माझा दिवस निघाला असता. पण पुढे विहीणबाई होत्या ना!

व्याही उकंडराव सरळ माणूस. "आमचं काई म्हननं नाही, बाया बाया ठरवा," म्हणून मिरचीच्या वावराकडे निघून गेले. विहीणबाईंनी— मनकर्णाबाई त्यांचं नाव— माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तूर निवडत होत्या. मी सांगितलं, खोली स्वच्छ आहे, दवाखाना जवळ आहे, माझा हात या कामात बसलेला आहे.

"तठी नाही," म्हणाल्या.

"काऊन पण?"

"कुठीबी पाठवीन. तठी नाही."

मग बराच वेळ तूर. मग एकदम, "तठी सैपाक कोन करते आता?"

आलं लक्षात! कोणाच्या हातचं खावं लागेल त्याची चौकशी. सांगितलं, "सोजराबाई करते. पहिल्यापासून तीच आहे." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि उठून आत गेल्या. जात पुसली, पटली नाही, उठल्या! मला असा संताप आला. फार मोठ्या लागून गेल्या! आमच्या सदनाचं पाणी यांना चालत नाही, आणि मी इथं यांच्या गडूकडे बघत तहानेने मरतेय.

सांजोऱ्या तशाच ठेवून निघाले. निघताना आशा फाट्याच्या वाटेपर्यंत आली. "माय, मले तुह्याजवयच याचं हाय," म्हणाली. मी म्हटलं, बघू. आठ वर्षं लोकांच्या पोरींना "मी आहे ना" सांगते, आणि माझ्या पोरीला "बघू".

२ डिसेंबर

विहिणीचा तोरा, विहिणीचा तोरा म्हणतात तो हाच. तूर निवडणारा.

११ डिसेंबर, बुधवार

अंग मोडून आलंय. आज काय केलं ते आठवून पाहते: पहाटे पाण्याचा पंप बसला. एकीच्या सासरचे चौघे न्यायला आले, ती जायला तयार नाही, त्यांना फाटकातून परत घालवलं— रंगराव बाकड्यामागे लपला होता. एका पोरीने जेवण सोडलंय, तिला तासभर समजावलं. मग तिनेच मला विचारलं, "बाई, तुम्ही जेवल्या का?" मी म्हटलं, हो. खोटं.

मी सगळ्यांना सांगते, रडून घे ग, मोकळी हो. माझी रडायची जागा कोठीत आहे, ज्वारीच्या पोत्यांमागे. आज तिथं गेले तर आधीच एक जण बसून रडत होती! तिचं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, बाहेर आणलं. मग माझं रडायचं राहूनच गेलं. संध्याकाळी पुन्हा गेले तर दुसरीच. आता पाळ्या लावाव्या लागतील.

नारायणरावांना काय सांगायचं? की सदनाच्या कण्याला रडायला जागा नाही? हसतील. मलाही हसू येतंय. पण खरं सांगते, हसू येतंय म्हणून कमी दुखतं असं नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज मी जे केलं ते या धंद्यातल्या बाईशिवाय कोणाच्या हातून होणार नाही.

आमचा एक न लिहिलेला कायदा आहे. सदनातून गेलेली बाई बाहेर कुठं दिसली तर ओळख द्यायची नाही. तिचं कुठंतरी घर बसलेलं असतं, शेजारी सासू असते, नवरा असतो. आपण "कशी आहेस ग?" म्हटलं की संपलं तिचं. सोजराबाई नव्या कामवालीला पहिल्या दिवशी हेच शिकवते: "दिसली का मान वयवाची." बाजारात, देवळात, गाडीत— माझी मान आता आपोआप वळते.

आज एका पोरीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले होते. व्हरांड्यात गर्दी. बाकावर एक गरोदर पोर बसलेली, डोक्यावर पदर, पाय सुजलेले, एकटी. ती माझ्याकडे बघायला लागली. टक लावून. मला वाटलं, असेल आपल्यातली कोणीतरी. मान वळवली आणि पुढे गेले. चार पावलं.

"माय!"

आशा. माझी आशा! सहदेवराव चिठ्ठी काढायला गेले होते म्हणून एकटी बसलेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाली, "तुनं मले पाह्यलं अन् तोंड फिरोलं." मी तिचे पाय हातात घेतले आणि दाबून बघायला लागले, सूज किती ते. बोट रुतत होतं. तेवढंच मला जमतं.

डॉक्टर म्हणाले, पायांची सूज, रक्तदाब, जपायला हवं. दिवस भरत आले की खेड्यात ठेवू नका. दवाखान्याच्या जवळ ठेवा. इथं, बुलढाण्यात.

सहदेवराव माझ्याकडे बघत होते. मी डॉक्टरांकडे. डॉक्टर पुढच्या बाईकडे.

२१ डिसेंबर

गावात खोली भाड्याने घ्यायची, असं ठरवलं. म्हणजे विहीणबाईंचा मान राहील, आशाचं बाळंतपण होईल. तीन घरं बघितली. "कोण राहणार?" "माझी लेक. बाळंतपणासाठी." घरमालक मला ओळखतात, सदनाची बाई म्हणून. मग त्यांच्या तोंडावर ते एक हसू येतं. एक जण म्हणाला, "लेक म्हणता, तर लेकच म्हणू या."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. नमस्कार करून आले.

२४ डिसेंबर

नारायणरावांनी रजा मंजूर केली! कागदच दिला. "मंजूर. मात्र बदली बाई मिळेपर्यंत अमलात आणू नये."

जेवायचं ताट समोर ठेवलंय, आता तोंड मिळालं की झालं.

५ जानेवारी १९६४, रविवार

बदली बाई आली. अकोल्याहून, समाजकार्याचा वर्ग केलेली, हसरी, चुणचुणीत. मला इतका आनंद झाला की मी तिला आल्या आल्या कोठीच्या किल्ल्या दाखवल्या. सोजराबाई म्हणाली, "जरा दमानं घ्या मोठ्याबाई, थे पयून जाईन."

८ जानेवारी

पळून गेली.

तिचा दोष नाही. काल एक पोर बाळाला दूध पाजायला तयार नव्हती, भिंतीवर डोकं आपटत होती, ते सगळं तिच्यासमोर झालं. आज ही माझ्या खोलीत येऊन रडली. मी तिला चहा करून दिला, पाठीवरून हात फिरवला, एस.टी.त बसवून आले. जाताना तिने विचारलं, "तुम्हाला कोण आहे हो इथं?" मी म्हटलं, "मला सवय आहे."

काय पण उत्तर! कोणाला विचारलं, तू पडलीस तर उचलायला कोण आहे, तर ती म्हणते मला पडायची सवय आहे.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांतीचा तिळगूळ काल वाटून झाला. सगळ्यांनी गोड बोलायचं ठरवलं. ते दुपारपर्यंत टिकलं.

सहदेवराव आले. आज रंगरावने त्यांना बाकड्यावर न बसवता स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बाकड्यावर बसला. प्रगती आहे. साखरखेर्ड्याला मोठं वाजलं म्हणे. आशाने सासूला सांगितलं, मी मायजवळच जाईन, नाहीतर कुठंच जात नाही. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. मग विहीणबाई आपण होऊन म्हणाल्या, "जाय. पन मी संगं येईन."

म्हणजे पहारा! सुनेला आश्रमातलं वारं लागू नये म्हणून. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. माझ्या एका खोलीत आता लेक, विहीण आणि मी. मी बहुतेक पोत्यांमागे झोपेन.

२३ जानेवारी, गुरुवार

आल्या. टांगा फाटकाशी थांबला. आशा उतरली, जड झालीये बिचारी. मागून विहीणबाई, पदर इतका पुढे ओढलेला की हनुवटी तेवढी दिसत होती. फाटकाशी क्षणभर थांबल्या. मला वाटलं, परत जातात की काय! मग कोणाकडे न बघता सरळ माझ्या खोलीत शिरल्या आणि कडी लावली. मला माझ्याच दाराची कडी वाजवावी लागली.

सगळ्या बाया आशाला बघायला जमल्या. एकीने बोटं मोडली, एकीने मिरच्या ओवाळल्या. ज्यांच्या स्वतःच्या पोटाकडे कोणी मायेने पाहिलं नाही त्या माझ्या पोरीच्या पोटाकडे अशा बघत होत्या की मला खोकला आला आणि मी आत गेले.

२६ जानेवारी

सकाळी झेंडा झाला. आशा बाहेर येऊन बसली होती. विहीणबाई खोलीतच. गेल्या तीन दिवसांत बाहेर पाऊल नाही. जेवण आत, स्वयंपाकघराच्या बाजूची खिडकी बंद. आमच्या हवेचा विटाळ होत असावा.

आणि सोजराबाई त्याहून उद्धट! ताट घेऊन जाते, उंबऱ्यावर ठेवते, विहीणबाईंकडे बघतसुद्धा नाही. मी म्हटलं, "अग, पाहुणी आहे, वरमाय आहे, दोन शब्द बोलावे." तर चुलीकडे तोंड करून म्हणते, "मले कामं हायत." दोघी एकमेकींना लागल्या आहेत, आणि मी मधल्या मधे सुपारीसारखी अडकित्त्यात.

एक मात्र आहे. विहीणबाई आशाच्या पायांना रोज शेक देतात. सूज उतरलीय. मी सकाळी जाते, रात्री येते. आशा म्हणते, "सासू बोलत नाही पन हात मऊ हाय तिचा." मला थोडा मत्सर वाटला. थोडा नाही.

३० जानेवारी

सरकारी तपासणीची तारीख आली. सहा फेब्रुवारी. यावर सदनाची मान्यता ठरायची. नारायणराव म्हणाले, "बाई, त्या दिवशी मात्र तुम्ही जागेवरून हलायचं नाही." मी म्हटलं, हलते कशाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या लिहीन. मुलगी झाली! दोघी सुखरूप.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आता नीट लिहिते.

काल सकाळी एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या— आशाच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि तपासणीच्या साहेबांची जीप फाटकात आली. कळा आणि जीप! देवाला माझी गंमत करायची फार हौस आहे.

मी रंगरावला टांग्याला पिटाळलं. विहीणबाईंना म्हटलं, "तुम्ही न्या तिला, मी तासाभरात येते." आशाने माझा पदर धरला होता. मी तो सोडवला. हो, सोडवला! बोटं एकेक करून. आणि ऑफिसात गेले, हसऱ्या तोंडाने साहेबांपुढे उभी राहिले. नारायणराव सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, "ह्या आमच्या अन्नपूर्णाबाई, सदनाचा—"

तेवढ्यात दारात विहीणबाई.

पंधरा दिवसांत पहिल्यांदा खोलीबाहेर आल्या असतील. आणि पदर डोक्यावर नाही! खांद्यावर. चार पुरुषांपुढे, उघड्या चेहऱ्याने. साखरखेर्ड्याला स्वतःच्या ओसरीवरसुद्धा मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"इहीनबाई, तुम्ही अठी काऊन उभ्या?"

मी म्हटलं, "तपासणी आहे, तासभर—"

"लेक अडली अन् माय साहेबाले ज्वारीचे पोते दाखोते? जा. टांगा उभा हाय."

साहेबांनी विचारलं, आपण कोण? "मी ह्याईची इहीन. पोराकडची. तुमाले काय पाह्याचं थे मी दाखोते. सैपाकघर, कोठी, बायंतिनीची खोली, सारं. पन ह्या बाईले सोडा."

नारायणरावांचं तोंड उघडं ते उघडंच. मी बावळटासारखी उभी. माझ्यावाचून चालेल कसं, हा प्रश्न आठ वर्षांत कोणी मला इतका उलटा करून दाखवला नव्हता. मग त्या माझ्या जवळ आल्या आणि चक्क ढकललं मला! दोन्ही हातांनी. मी पळत सुटले. टांग्यात बसल्यावर कळलं की पायात वहाणा नाहीत.

दवाखान्यात नर्सने मला दोनदा बाहेर काढलं. मी तिला सूचना देत होते. तिसऱ्यांदा मी काही बोलले नाही, फक्त आशाचा हात धरून उभी राहिले. बाळंतिणीचा नुसता हात धरायचा असतो हे मला नवीन होतं. मी नेहमी दुसऱ्या टोकाला असते. आशाने माझी बोटं अशी पिळली की अजून दुखतायत. दुपारी मुलगी झाली. काळेभोर जावळ, आजोबांसारखं कपाळ. मी रडले. पोत्यांशिवाय, सगळ्यांसमोर, मोठ्याने. कोणी काही म्हणालं नाही.

संध्याकाळी परत आले तर रंगराव फाटकातच. "मोठ्याबाई, इहीनबाईनं काय फिरोलं साहेबाले! कोपरा कोपरा! अन् मांगची जुनी खोली नाही का, जिची किल्ली कोनालेच सापडत नाही? तिनं चौकटीच्या वरतून हात घालून काढली."

आठ वर्षं मी ती किल्ली शोधतेय! सोजराबाईला विचारलं, "तू सांगितलंस का त्यांना?" ती चुलीकडे वळली. नेहमीसारखी. मला आज तिच्यावर रागवायला वेळ नव्हता.

साहेब खूश होऊन गेले. नारायणराव म्हणाले, त्या बाईंना समितीवर घ्यावं का?

१० फेब्रुवारी, सोमवार

आज पाचवी. पूजा झाली. दवाखान्यातून कालच आणलं दोघींना. बायांनी गाणी म्हटली. मला थोडा ताप आहे, पण तो मी कोणाला सांगितलेला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी ताप वाढला, आडवी झाले. आशा आणि बाळ झोपलेले. विहीणबाई येऊन पायथ्याशी बसल्या आणि माझे पाय ओढून मांडीवर घेतले. वरमायने माझे पाय दाबायचे! मी झटकन मागे घेतले, म्हटलं, "अहो, हे काय, मला पाप लागेल. अंगावर काढायची मला सवय आहे." त्यांनी पुन्हा ओढले.

"राहू द्या. ह्याच खोलीत तवाच्या मोठ्याबाईचे पाय मी रोज दाबत होती. सहा महिने. पयला नवरा मेल्यावर दिवस राह्यले होते मले, तवा. सहदेवाचा बाप भेटला त्याच्या आंधी. पोट्टी झाली होती. कोन घेऊन गेलं मले मालूम नाही." मग दुसरा पाय घेतला. "तवाबी त्या बाईले कोनी इचारत नव्हतं. थे भी म्हने, मले सवय हाय."

मी पाय मागे घेतले नाहीत.